आग्या मोहोळाची समाजव्यवस्था

पावसाळा ओसरला की बंगळूर शहरात उंच इमारतींच्या सज्ज्यांखाली, पाण्याच्या टाक्यांच्या तळाशी आणि जुन्या वृक्षांच्या जाड फांद्यांवर मोठमोठी काळसर पोळी लटकू लागतात. ही आग्या मधमाशीची पोळी होत. सातेरी मधमाशी ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत अनेक समांतर पोळी बांधते. म्हणून ती पेटीत पाळता येते. आग्या माशी उघड्यावर एकच विशाल पोळे बांधते. होसकोटे तालुक्यातील रामगोविंदपूर येथे तर एकाच वृक्षावर तिची असंख्य पोळी शेजारी शेजारी आढळली आहेत.

अशा पोळ्याला भिंत नसते. ही उणीव माश्या आपल्या देहांनी भरून काढतात. हजारो कामकरी माश्या एकमेकींना धरून पोळ्यावर अनेकपदरी पडदा तयार करतात. आतील अळ्यांना सुमारे 34 ते 35 अंश सेल्सिअस तापमान लागते. ते या पडद्यामुळे टिकते. गांधीलमाशी जवळ येताच पडद्यातील माश्या ओळीने पोटे वर उचलतात. त्यामुळे पोळ्यावरून लाट सरकल्याचा भास होतो आणि शत्रू बिचकतो.

वसाहतीत राणी एकच असते. पण ती हुकूम देत नाही, केवळ अंडी घालते. फलित अंड्यांतून माद्या, तर अफलित अंड्यांतून नर निपजतात. संगोपन, बांधणी, राखण आणि अन्नसंग्रह ही सारी कामे कामकरी माद्याच करतात. फुलांचा ठावठिकाणा त्या नृत्याने कळवतात. या भाषेचा उलगडा करणारे कार्ल फॉन फ्रिश यांना 1973 साली नोबेल पारितोषिक मिळाले. नृत्यातील थरथरत्या धावेचा काळ अंतराबरोबर वाढतो. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील संशोधक व त्यांचे जर्मन सहकारी यांनी 2020 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, हे प्रमाण जातीगणिक निरनिराळे असते. जवळपास चरणाऱ्या सातेरीत हा काळ झपाट्याने वाढतो, दूरवर जाणाऱ्या आग्या माशीत तो सावकाश वाढतो. जणू एकाच भाषेच्या या बोली होत.

कामकरी माशीची नांगी काटेरी असते. माणसाच्या कातडीत ती रुतून बसते आणि माशी मरते. स्वतःची संतती नसताना ती प्राण का देते? कारण पोळ्यात वाढणारी पिले ही तिचीच भावंडे असतात. त्यांच्यातूनच तिचा वारसा पुढे जातो. रुतलेल्या नांगीतून सुटणारा गंध इतर माश्यांना हल्ल्यासाठी बोलावतो. म्हणूनच पोळ्यावर दगड मारणे किंवा त्याला धूर देणे जिवावर बेतू शकते.

भीतीपोटी शहरात अशी पोळी पुष्कळदा जाळली जातात किंवा औषध फवारून नष्ट केली जातात. त्यात अळ्यांसह सबंध वसाहत नाहीशी होते आणि परिसरातील झाडांचे परागीभवन करणारे हजारो मजूरही जातात. वास्तविक हा मुक्काम हंगामी असतो. पावसाळ्याच्या तोंडावर बहुतेक वसाहती पोळे सोडून आपण होऊन स्थलांतर करतात. पोळे अगदी वाटेवर असेल तर जाणकारांना बोलवावे; ते उंचावर असेल तर त्याला न छेडणे, हाच माणसांचा आणि माश्यांचाही बचाव होय.