केसपेपरवरचं प्रश्नचिन्ह

चि. रेवा,


मेडिसिनची रेसिडेन्सी मिळाली, तीही मुंबईत, ऐन पावसाळ्यात. फार आनंद झाला. एकच गोष्ट मनापासून सांगते.

ऑगस्टमध्ये वॉर्डात डेंग्यूचे रुग्ण लागोपाठ येतील. मग पुढचा तापाचा रुग्ण समोर बसतो न बसतो तोच तुझ्या मनात डेंग्यू येईल. प्लेटलेट्स कमी आल्या की खात्रीच पटेल. पण प्लेटलेट्स मलेरियातही घसरतात आणि लेप्टोस्पायरोसिसमध्ये, म्हणजे लेप्टोतही. तिघांनाही लागू पडणारा पुरावा एकाच्याच पदरात कसा टाकायचा?

१९६० मध्ये पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने लंडनमधल्या विद्यार्थ्यांना २, ४, ६ हे आकडे दिले आणि त्यांमागचा नियम ओळखायला सांगितलं. स्वतः तीन-तीन आकडे सुचवायचे, ते नियमात बसतात की नाही एवढं तो सांगणार. मुलांनी ८, १०, १२ सुचवले, बसले. २०, २२, २४, तेही बसले. ‘दोनदोनने वाढतात,’ असा काहीतरी चुकीचा नियम बहुतेकांनी सांगून टाकला. नियम होता फक्त चढत्या क्रमाचा. १, २, ३ विचारलं असतं तरी त्यांचा तर्क तिथेच मोडला असता. पण मोडायला कोण जातं? आपण होकार गोळा करत बसतो, आणि हुशारीने ही खोड जात नाही.

तुझं १, २, ३ म्हणजे, डेंग्यूचा तर्क मोडू शकेल असा ‘साचलेल्या पाण्यातून चालला होतात का?’ हा प्रश्न. पोटऱ्या दाबून बघ, डोळे लाल आहेत का बघ, लघवी किती होते विचार, क्रिएटिनिन आणि मलेरियाचा स्मिअर पाठव. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली होती, हे विसरू नकोस. डेंग्यूला अँटिबायोटिक लागत नाही. लेप्टोला ते वेळेवर लागतं, आणि उशिराची किंमत रुग्णाची मूत्रपिंडं नि फुफ्फुसं मोजतात.

आणखी एक. रात्री केसपेपरवर ‘डेंग्यू?’ लिहिलेलं असतं. सकाळच्या राउंडला ते प्रश्नचिन्ह गळतं, आणि मग पुढचा प्रत्येक जण ‘डेंग्यूचा पेशंट’ म्हणूनच बघतो. म्हणून ड्यूटी सोपवताना नुसतं आजाराचं नाव नको, ‘ताप, प्लेटलेट्स कमी, लेप्टो अजून वगळलेला नाही’ असं पूर्ण सांग. सीनियर घाईत असले तरी सांग.

पहिल्या सुट्टीला घरी ये.

तुझी,
आत्या