मुलांच्या हातातील खोटी बाटली

शब्बाथ शाळेचे शिक्षक, उपदेशक व आईबाप यांच्याकरिता धडा

वाचण्याचा शास्त्रभाग : नीतिसूत्रे 22:6 व 23:29-35, रोमकरांस पत्र 14:13-21

लग्नसराई आली म्हणजे अंबड, भोकरदन, परतूर, मंठा अशा आमच्या जालना जिल्ह्याच्या कोणत्याही तालुक्यात जा, मांडवाच्या कडेला बर्फाच्या टोपात रंगीत बाटल्या ठेवलेल्या दिसतात. त्यांतल्या काहींस 'फ्रूट बिअर' म्हणतात. मुले त्या हाती घेतात, पेल्यास पेला लावून 'चिअर्स' म्हणतात, आणि मोठी माणसे हसतात. कोणी उपदेशक रागावला तर यजमान म्हणतो, "अहो, त्यात दारूचा थेंबही नाही." यजमानाचे म्हणणे खरे असते. तरीही उपदेशकाच्या मनाचे समाधान होत नाही. ते का होत नाही, आणि व्हावे की न व्हावे, ह्याचा विचार आज आपण करू.

1. ही वस्तू काय आहे?

प्रथम वस्तूची नीट पारख करावी. न जाणता निंदा करणे बरे नव्हे. फ्रूट बिअर म्हणून जे विकतात ते बहुधा साखर, पाणी, आंबटपणाकरिता थोडे आम्ल, रंग, वास आणि दाबून भरलेला वायू एवढेच असते. लेमन सोड्याचेच ते भावंड होय. त्याने नशा येत नाही. साखर मात्र पुष्कळ असते, म्हणून दात व पोट ह्यांचा विचार वेगळा करावा.

दुसरा प्रकार 'झिरो' बिअरचा. ही खऱ्या बिअरप्रमाणे जवापासून करतात, आणि तिच्यातील मद्यार्क काढून टाकतात किंवा फार होऊ देत नाहीत. वास व चव मात्र खरीच राहते. आपल्या देशाच्या 2018 सालच्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे शेकडा 0.5 हून अधिक मद्यार्क असलेल्या पेयास मद्य म्हणतात. तेव्हा मद्य न ठरलेल्या बाटलीतही किंचित अंश असू शकतो. ज्यास वाचता येते त्याने बाटलीवरील चिठ्ठी वाचावी. ज्यास येत नाही त्याने शाळेत जाणाऱ्या लेकराकडून वाचून घ्यावी. ह्या दोन वस्तू एक समजू नयेत.

2. नक्कल पूर्वी कशासाठी निघाली?

दारूसारखी दिसणारी पण दारू नसलेली पेये नवी नाहीत, आणि त्यांतली कित्येक दारूच्या शत्रूंनीच काढली, हे ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. 1869 साली अमेरिकेत व्हाईनलंड ह्या गावी टॉमस वेल्च नावाचा एक मेथडिस्ट दंतवैद्य राहत होता. प्रभुभोजनाच्या पेल्यात मादक द्राक्षारस असू नये असे त्याच्या मनात आले. फ्रान्सातील पाश्चर ह्या शास्त्रज्ञाने दाखविलेल्या रीतीने त्याने द्राक्षांचा रस तापवून बाटल्यांत बंद केला, म्हणजे तो आंबत नसे. आज जगातील अनेक मंडळ्यांत न आंबलेला रस मेजावर येतो, त्याच्या मागे हा इतिहास आहे.

पुढे 1876 साली फिलाडेल्फिया शहरात मोठे प्रदर्शन भरले, तेथे चार्ल्स हायर्स नावाच्या औषधविक्याने मुळ्यांपासून केलेले एक पेय मांडले. दारू पिणाऱ्या खाणकामगारांस ते आवडावे म्हणून त्याने त्यास 'रूट बिअर' हे नाव दिले असे सांगतात.

आपल्याकडील नीरेची गोष्टही अशीच आहे. शिंदीचा किंवा ताडाचा गोड रस पहाटे ताजा घेतला तर नीरा, आणि ऊन चढून आंबला तर ताडी. महात्मा गांधींनी दारूबंदीच्या कार्यात नीरेचा व ताडगुळाचा पुरस्कार केला, तो अशाकरिता की ताडी काढणाऱ्याचा धंदा न बुडता गावाचे व्यसन बुडावे.

ह्या तिन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. दारू पिणाऱ्यास किंवा दारूजवळ उभे असलेल्यास तिच्यापासून दूर नेण्याकरिता ही पेये पुढे केली गेली. नाल्यावर पूल बांधावा आणि पलीकडे अडकलेला माणूस अलीकडे आणावा, तसे ते काम होते.

3. पूल तोच, पण वाट उलटी

आता दुसरे उदाहरण पाहा. जपानात सागा प्रांतातील तोमोमासू नावाच्या कारखान्याने ह्या शतकाच्या आरंभी 'किड्स बिअर' म्हणजे मुलांची बिअर बाजारात आणली. पेय गोड, मद्यार्क मुळीच नाही. परंतु बाटली तपकिरी आणि वर फेस बिअरसारखा. हॉटेलात वडील बिअर पीत असता मुलानेही तसलाच पेला हाती धरावा, हे तिचे आकर्षण होते.

वेल्चचा रस आणि ही बाटली ह्या दोहोंत दारू नाही. मग भेद कोठे? भेद चालणाऱ्याच्या तोंडाच्या दिशेत आहे. दारूकडून परतणारा माणूस पुलावर चढला तर तो घराकडे येतो. ज्याने दारू कधी पाहिलीही नाही असे लेकरू त्याच पुलावर उभे केले, तर त्याचे तोंड पलीकडे असते. म्हणून 'त्यात दारू आहे काय?' एवढे विचारून भागत नाही. 'हा पेला ह्या लेकरास कोणीकडे तोंड करावयास शिकवितो?' हेही विचारावे.

4. मूल काय शिकते?

कोणी म्हणेल, एवढेसे मूल, त्यास काय कळते? अमेरिकेतील डार्टमथ येथील वैद्यक विद्यालयाच्या संशोधकांनी 2005 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला, तो ध्यानात घेण्याजोगा आहे. दोन ते सहा वर्षांच्या 120 मुलांपुढे त्यांनी खेळण्यातील दुकान मांडले व बाहुलीच्या वतीने बाजार करावयास सांगितले. दुकानात भाजी, दूध, मिठाई सर्व काही होते. तरी शेकडा सुमारे 62 मुलांनी बाहुलीकरिता दारू घेतली, आणि शेकडा सुमारे 28 मुलांनी सिगारेट घेतली. ज्यांच्या घरी आईबाप महिन्यातून एकदा तरी पीत, त्यांच्या मुलांत हे अधिक दिसले. मुलांस दारूची चव ठाऊक नव्हती. परंतु मोठी माणसे आनंदाच्या वेळी काय मांडतात हे ठाऊक होते.

येथे आम्ही न्यायाने बोलू. फ्रूट बिअर प्यालेले प्रत्येक मूल पुढे दारुडे होते असे आम्ही म्हणत नाही; तसे म्हणणे असत्य होईल. आमचे म्हणणे इतकेच की चवीच्या आधी वळण लागते. फेसाशिवाय आनंद नाही आणि 'चिअर्स' म्हटल्याशिवाय लग्न साजरे होत नाही, हे मुलाने सहा वर्षांचे असता शिकले, तर सोळाव्या वर्षी बाटलीतील पदार्थ तेवढा बदलावयाचा राहतो.

5. घराघरांतील वळणे

खोट्या बाटलीपेक्षा घराची रीत अधिक शिकविते. म्हणून काही घरे डोळ्यांपुढे आणू.

एका घरी बाप पितो आणि मुलास दुकानावर पाठवितो: "जा, एक क्वार्टर घेऊन ये, उरलेल्या पैशांचा खाऊ घे." त्या मुलाच्या मनात दारू आणि खाऊ एकाच पुडीत बांधले जातात. अशा बापाने हेही जाणावे की 2015 च्या बालन्याय कायद्याप्रमाणे मुलास मादक पेय देणे, तसेच ते वाहून आणण्यास मुलाचा उपयोग करणे, हा अपराध असून त्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगितली आहे.

दुसऱ्या घरी कोणी पीत नाही, परंतु पाहुणा मामा गमतीने भाच्यास एक घोट पाजतो, आणि भाच्याने तोंड वाकडे केले म्हणजे सगळे हसतात. मुलास वाटते, मी मोठा झालो.

तिसऱ्या घरी आजीबाई बाळास सर्दी झाली म्हणून चमचाभर ब्रँडी पाजतात. त्यांची माया खरी आहे, परंतु उपाय घातक आहे. तान्ह्या बाळाचे यकृत कोवळे असते. थोड्या मद्यार्कानेही त्याच्या रक्तातील साखर उतरते व श्वास मंद होतो. आजीस दोष न देता बाळास दवाखान्यात न्यावे.

चौथे घर कडक आहे. तेथे दारूचे नाव निघताच मार बसतो, परंतु कारण कोणी सांगत नाही. असे मूल दारूस भीत नाही, बापास भिते. आणि बाप दृष्टीआड झाला की भय संपते. धार्मिक घरांनी ह्या चौथ्या घराकडे विशेष लक्ष द्यावे.

6. मग काय करावे?

पहिली गोष्ट, मुलांशी साधे बोलावे. दारूने हात कसा कापतो, मजुरी कोठे जाते, आईच्या अंगावरचा दागिना कसा गहाण पडतो, हे मुले गावात रोज पाहतात. ते त्यांस शब्दांत सांगावे. महाराष्ट्रात सौम्य बिअरकरिता 21 वर्षांची आणि कडक दारूकरिता 25 वर्षांची अट आहे, हेही तरुणांस कळवावे.

दुसरी गोष्ट, मांडवातला आनंद कमी करू नये, त्याची बाटली बदलावी. आमच्या जालन्याच्या मोसंबीस भौगोलिक मानांकन मिळाले आहे. दारात मोसंबीची बाग असता लेकरांनी रंगीत पाण्यास बिअर म्हणून का प्यावे? हंगामाप्रमाणे मोसंबीचा रस, पन्हे, ताक किंवा उसाचा रस द्यावा, आणि त्यास त्याच्याच नावाने हाक मारावी. गोड सोडाच द्यावयाचा असेल तर त्यास सोडा म्हणावे, आणि पेल्यास पेला लावण्याचा खेळ सोडून द्यावा.

तिसरी गोष्ट, स्त्रियांनी आपले बळ ओळखावे. आपल्या राज्यात गावातील शेकडा 25 स्त्री मतदारांनी मागणी केली तर दारूच्या दुकानाविषयी मतदान घेता येते, आणि निम्म्याहून अधिक मते 'आडव्या बाटलीस' पडली तर दुकान बंद होते. ज्या बायांनी गावची बाटली आडवी करावयाची, त्यांनी लेकराच्या हाती खोटी बाटली उभी का धरू द्यावी?

चौथी गोष्ट, दारू सोडू पाहणाऱ्या बंधूविषयी. त्यास मांडवात लाजवू नये. त्याच्या हाती रसाचा पेला आपण होऊन द्यावा. परंतु 'झिरो' बिअर देऊ नये, कारण तिच्या वासाने जुनी ओढ जागी होऊ शकते. फार वर्षे भारी पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली तर फेफरे येऊन जिवावर बेतू शकते. म्हणून ते काम डॉक्टरांच्या देखरेखीखाली करावे. पुण्यात अनिल व सुनंदा अवचट ह्यांनी 1986 साली स्थापिलेले मुक्तांगण हे व्यसनमुक्तीचे केंद्र ह्याच कामाकरिता आहे.

शेवटी उपदेशक बंधूंस एक विनंती. फ्रूट बिअर प्यालेल्या मुलास मंडळीपुढे उभे करू नका, आणि यजमानावर भर मांडवात शब्द टाकू नका. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात दुबळ्या भावाच्या वाटेत अडखळण न ठेवण्याविषयी जे शिकविले आहे, ते बाटलीप्रमाणे जिभेसही लागू आहे. लग्नाच्या पंधरा दिवस आधी त्या घरी जाऊन बसा, चहा घ्या, आणि गोडीने विचारा, "दादा, लेकरांना काय पाजणार आहात?" त्या वेळी सांगितलेले मनुष्य ऐकतो.

विचार करण्याकरिता प्रश्न

1. फ्रूट बिअर व 'झिरो' बिअर ह्यांत काय भेद आहे?
2. वेल्चचा द्राक्षरस व मुलांची बिअर ह्या दोहोंतही दारू नाही; तरी त्यांचा हेतू वेगळा कसा?
3. वर सांगितलेल्या चार घरांपैकी आपले घर कोणत्या घरासारखे आहे?
4. दुकानावरून बाटली आणावयास मुलास पाठविण्यात कोणकोणती हानी आहे?
5. आपल्या गावच्या पुढील लग्नात मुलांकरिता कोणते पेय ठेवाल, आणि ते कोण करील? नाव ठरवूनच उठावे.