ब्र काढ गं

अगं, काल रात्री तुझा फोन ठेवला आणि मी बराच वेळ ओट्यापाशी तशीच उभी राहिले. वाचनकट्ट्यावर काय झालं ते तू भराभरा सांगितलंस, पण माझ्या कानात राहिला तो तुझा बसलेला आवाज. 'रणांगण'पासून आजपर्यंतच्या पंचवीस कादंबऱ्यांची यादी करायचं ठरलं. तू गौरी देशपांडेंचं नाव घेतलंस. त्यावर कुणीतरी म्हणालं, 'छानच लिहायच्या, पण ते आपलं बायकांचं.' सगळे पुढच्या नावाकडे वळले आणि तू गप्प बसलीस. मग मला विचारलंस, 'ताई, माझंच चुकतंय का गं?'

नाही चुकत. फोनवर मी तेवढंच म्हटलं, पण मला ते पुरेसं वाटलं नाही.

आधी तुला माझी एक गोष्ट सांगते. आईलाही ठाऊक नाही. एम.ए.ला असताना कॉलेजच्या वार्षिकांकासाठी 'स्वातंत्र्यानंतरच्या दहा कादंबऱ्या' असा लेख मी लिहिला होता. त्या दहातल्या तीन मी वाचलेल्याच नव्हत्या. वर्गात ज्यांची नावं आदरानं घेतली जात, ती मी उतरवून काढली. दहाही पुरुषांच्या होत्या, हेसुद्धा माझ्या लक्षात आलं नाही. ग्रंथालयातल्या बाईंनी अंक चाळला आणि काही न बोलता 'बळी' माझ्या हातात दिली. विभावरी शिरूरकरांची, 1950 सालची. गुन्हेगार म्हणून शिक्का मारलेल्या जमातींना सरकारनं कुंपणाआड वसवलं होतं, त्या वसाहतीतल्या माणसांची कादंबरी. दोन रात्री मी ती वाचली आणि तिसऱ्या दिवशी बाईंसमोर जायला मला तोंड नव्हतं. चुकीचं मत असलं तर ते बदलता येतं. माझ्याकडे मतच नव्हतं, आणि ते असल्याचं मी लोकांना दाखवत होते. तू निदान वाचून बोललीस. म्हणून तुझ्या बाजूनं मी उभी आहे.

आणि बघ, विभावरी शिरूरकर म्हणजे मालतीबाई बेडेकर, आणि 'रणांगण' लिहिणारे विश्राम बेडेकर त्यांचे यजमान. एकाच घरातली दोन माणसं. 'रणांगण' 1939 चं, दुसरं महायुद्ध पेटलं त्याच वर्षाचं. युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट, तिच्यावर जर्मनीतून जीव घेऊन निघालेले ज्यू, चक्रधर विध्वंस नावाचा आपला माणूस आणि हॅर्टा. एवढीशी कादंबरी आहे, पण प्रत्येक यादीत ती असते आणि असायलाच हवी. 'बळी' मात्र कुणी तरी मुद्दाम आठवण करून दिली तरच येते. एकाच छपराखाली लिहिलेल्या दोन पुस्तकांना आपण दोन गजांनी मोजतो, हे मला फार उशिरा दिसलं.

आता गौरीताईंचं. तुला कट्ट्यावर तीन गोष्टी ऐकाव्या लागल्या ना? पुस्तकं लहान आहेत, त्यातल्या बायका सुखवस्तू आणि परदेशी राहणाऱ्या आहेत, आणि सगळं मनातल्या मनात चालतं. यातलं पहिलं कारण खरं धरलं तर 'रणांगण'ही यादीतून काढावं लागेल. आणि दुसरं? 'कोसला'तला पांडुरंग सांगवीकर कोण आहे? खात्यापित्या शेतकऱ्याचा मुलगा. पुण्यात बापाचे पैसे उडवतो, परीक्षेची वाट लावतो आणि गावी परत येतो. त्याच्याबद्दल कुणी म्हणतं का, की हे काय, बापाच्या जिवावर जगणाऱ्या पोराचं दुखणं? नाही म्हणत. त्याच्या पोकळीला आपण एका पिढीची पोकळी म्हणतो. मग 'तेरुओ'मधली मराठी बाई जपानात एका माणसाच्या प्रेमात पडते, आपल्या बाई असण्याचा तळ शोधते, तेव्हा तिचं दुखणं तिच्या एकटीचं कसं होतं? पुरुष मनातल्या मनात बोलला की ते चिंतन आणि बाई बोलली की तिचं घरगुती रडगाणं, हा हिशेब मला मान्य नाही. तूही मान्य करू नकोस.

यावरून 'कोसला' मला कमी वाटते असं समजू नकोस. तुझ्या यादीत माझ्याकडून पहिलं नाव तेच लिही. 1963 साली, वयाच्या पंचविशीत नेमाड्यांनी ती लिहिली. तोवर आपल्या कादंबरीतला नायक शुद्ध, घोटीव मराठीत विचार करायचा. पांडुरंग 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' म्हणत, ठेचकाळत, थापा मारत बोलायला लागला आणि मग मागे वळता येईना. पण मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा नुसती हसले होते. होस्टेल, मेस, गॅदरिंगचा घोळ, सगळं ओळखीचं होतं. मनीचा भाग मी भरभर उलटला होता.

दुसऱ्यांदा वाचली ती चाळिशीत. मनी म्हणजे पांडुरंगाची धाकटी बहीण, देवीच्या आजारानं जाते. तोवर सगळ्या जगाची टर उडवणारा हा मुलगा तिथं एकदम उघडा पडतो. त्याच्या हातातलं हत्यार गळून पडावं तशी ती भाषा होते. आणि मला एकदम आठवलं, मी होस्टेलवर असताना तुला टायफॉइड झाला होता. बाबांचं कार्ड आलं होतं, तुझा ताप उतरत नाही म्हणून. ते कार्ड मी वहीत ठेवलं आणि संध्याकाळी मैत्रिणींबरोबर सिनेमाला गेले. तू बरी झालीस म्हणून ते विसरता आलं. मनीच्या पानांवर मला ते सारं आठवलं आणि मी पुस्तक मिटून तुला फोन केला होता. तू विचारलंस, 'काय गं, एवढ्या रात्री?' आणि मी म्हटलं, 'काही नाही, सहज.' ते सहज नव्हतं.

माझी कसोटी ही एवढीच आहे, अगं. पुस्तक दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा त्यानं मला पहिल्यापेक्षा वेगळ्या जागी धरलं का?

याच कसोटीवर एक नाव मला बाजूला ठेवावं लागतं आणि ते लिहिताना हात जड होतो. आईच्या उशाशी 'मृत्युंजय' असायचं, आठवतं ना? तिच्या तोंडून कर्ण ऐकत आपण मोठ्या झालो. शिवाजी सावंतांनी 1967 साली कर्ण, कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण, कृष्ण अशा सगळ्यांना आपापली कथा सांगायला लावली, ही कल्पना किती मोठी होती! पण गेल्या दिवाळीत पुन्हा वाचायला घेतलं आणि मला जाणवलं, की माणसं सहा असली तरी आवाज एकच आहे. कुंतीसुद्धा त्याच भरजरी वाक्यांत बोलते आणि शोणसुद्धा. मला ते पुस्तक आवडतं, मरेपर्यंत आवडेल, आईचं पुस्तक आहे ते. पण पंचवीसांत मी ते घालणार नाही. आवड कपाटात राहू दे, यादीला दुसरा निकष लागतो. कट्ट्यावर 'मृत्युंजय'साठी भांडणारं कुणी असेल तर त्याला हसू नकोस हं. लाखो घरांत वाचनाची सवय याच पुस्तकानं लावली आहे.

आवाजाचा विषय निघालाच आहे तर उद्धव शेळक्यांची 'धग' सांगते, 1960 सालची. ही मी तरुणपणी तीस पानांवर सोडली होती. वऱ्हाडी बोली माझ्या जिभेवर चढेना आणि मी समजून चालले, की कादंबरीच अवघड आहे. मग लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात अमरावतीला सासूबाईंकडे गेले. दुपारी तुरीच्या शेंगा सोलायला बसलो होतो, मध्ये सोल्यांचं पातेलं. सासूबाईंनी माझ्या पिशवीतून 'धग' काढली, चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला लागल्या. अगं, काय सांगू! कौतिक त्या खोलीत येऊन बसली. शिंप्याच्या घरातली ती बाई, नवरा महादेव कशालाच धड चिकटून राहत नाही, मुलं पदरात, आणि ही संसार ओढते आहे, ओढते आहे. सासूबाई एका जागी थांबल्या, म्हणाल्या, 'माही माय अशीच बोले.' आणि पुढे वाचेनात. शेंगा तशाच राहिल्या. त्या दिवशी मला कळलं, की अडाणी मी होते. पुस्तकाचं काहीच अडलं नव्हतं.

म्हणून सांगते, एखादी कादंबरी बोलीमुळे अडली तर यादीतून कापू नकोस, ती बोली बोलणारं माणूस शोध आणि त्याच्याकडून दहा पानं ऐक. आनंद यादवांच्या 'गोतावळ्या'चं तेच. कोल्हापूरकडच्या शेतावर राबणाऱ्या गड्याच्या तोंडची भाषा कानानं वाचली की उलगडते.

तुमच्या कट्ट्यावर नवीन काही नकोच असा सूर आहे म्हणालीस. तो मात्र मोडून काढ. कृष्णात खोतांची 'रिंगाण' वाचलीस का? धरणात गाव गेलेली माणसं आणि मागे जंगलात राहून रानटी झालेली म्हैस. 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला, पण मी पुरस्कारासाठी म्हणत नाही. विस्थापितांवर विश्वास पाटलांची 'झाडाझडती' आहेच. तिच्यात सरकारी कचेऱ्या, पुनर्वसन, फसवणूक यांचा सगळा पसारा दिसतो आणि तोही लागतो. पण त्या म्हशीच्या मागे जाताना माणसाचं काय सुटलं ते खोतांनी ज्या जवळिकीनं पाहिलं आहे, तसं मी दुसरीकडे वाचलेलं नाही. दोन्हींतली एकच घ्यायची म्हणाले तर 'रिंगाण' घे. नंदा खऱ्यांची 'उद्या'ही घे. अकादमीचा पुरस्कार त्यांनी नम्रपणे नाकारला, याची चर्चा कादंबरीपेक्षा जास्त झाली. आणि पुरस्कारांवर विसंबायचं नाही ते यासाठीही, की खुद्द नेमाड्यांना अकादमीनं गौरवलं ते 'टीकास्वयंवर' या समीक्षेसाठी, 'कोसला'साठी नव्हे.

किरण नगरकरांची 'सात सक्कं त्रेचाळीस' कुणी सुचवणार नाही, तूच सुचव. 1974 ची. तिची मोडतोड केलेली रचना तेव्हा फारशी कुणाला पेलली नाही आणि नगरकर पुढे इंग्रजीकडे गेले. असा लेखक आपण गमावला. निदान यादीत तरी त्याला घरी आणूया.

हमीद दलवाईंची 'इंधन', भाऊ पाध्यांचा 'वासूनाका', दोन्ही 1965 च्या. यांच्याबद्दल तुला काही सांगायला नको, तू माझ्याआधी वाचल्यास.

आणि शेवटी कविता महाजन. 'ब्र' 2005 साली आली. ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या आदिवासी बायका, त्यांच्यापर्यंत पोचणारी प्रफुल्ला, खुर्चीवर बसलेली सरपंच आणि तिच्या आडून कारभार करणारे पुरुष. सरपंचाचा शिक्का हातात असूनही तोंड उघडता येत नाही, म्हणजे काय, हे महाजनांनी पाड्यापाड्यांवर फिरून ऐकलं आणि लिहिलं. 2018 मध्ये त्या गेल्या. फार लवकर गेल्या. ही कादंबरी काही ठिकाणी पसरट होते, माहिती कथेवर चढते, हे मी नाकारत नाही. कुणी तसं म्हटलं तर मान्य कर. खोट दिसूनही पुस्तकामागे उभं राहता येतं. नेमाड्यांची 'हिंदू'सुद्धा कुठे आटोपशीर आहे? तिच्या पसाऱ्याला आपण समृद्धी म्हणतोच ना.

तुला खरं भय कशाचं आहे ते मला माहीत आहे. तुला वाटतं, ते सगळे जास्त शिकलेले आहेत, एखादा समीक्षक उद्धृत करतील आणि तुला उत्तर सुचणार नाही. नाही सुचलं तर 'मला विचार करू दे' म्हण. पण पुस्तक बरोबर ने. ज्या पानानं तुला धरलं ते उघड आणि वाचून दाखव. सासूबाईंनी माझ्यासाठी तेच केलं होतं, एक अक्षरही समजावून न सांगता. आणि समोरच्यानं त्याच्या पुस्तकातलं पान वाचलं तर तितक्याच मनापासून ऐक. तुझी यादी त्यानं बदलली तर बदलू दे. माझी तीनदा बदलली आहे.

गौरीताईंच्या 'दुस्तर हा घाट आणि थांग'ची माझी प्रत उद्या कुरियरनं पाठवते. मागच्या कोऱ्या पानावर मी पेन्सिलीनं पानांचे आकडे लिहिले आहेत. तुझे आकडे त्यांच्या खाली लिही. आणि शनिवारी कट्ट्यावर गेलीस की कुणी विचारायच्या आत, सगळ्यांत आधी तू बोल.