घशातले राखणदार

आपल्या तोंडात जंतू राहतात. एकदोन नव्हे, शेकडो जातींचे. ऐकून किळस येईल, पण घाबरायचं कारण नाही. त्यांतले पुष्कळसे गरीब असतात. काही तर आपली राखण करतात.

घसा धरणारा एक वाईट जंतू आहे. त्याचे नाव स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस. मुलाचा घसा सुजतो, ताप येतो, चारपाच दिवसांत उतरतो. आई म्हणते, सुटलो बाई! पण काही मुलांना दोनतीन आठवड्यांनी पुन्हा ताप येतो, सांधे सुजतात. डॉक्टर याला रूमॅटिक ताप म्हणतात. सांधे बरे होतात. हृदयाच्या झडपा मात्र कायमच्या बिघडू शकतात.

न्यूझीलंड देशात डुनेडिन नावाचे शहर आहे. तिथे जॉन टॅग हे जंतूंचे शास्त्रज्ञ होते. त्यांना स्वतःला लहानपणी हा ताप आला होता. त्यापायी कित्येक वर्षे पेनिसिलिन घ्यावे लागले. मोठेपणी त्यांनी शाळेतल्या मुलांचे घसे तपासले. काहींचा घसा धरतच नाही, असं का? अशाच एका मुलाच्या तोंडात त्यांना सॅलिव्हेरियस जातीच्या जंतूचा एक वाण मिळाला. त्याला के-१२ म्हणतात. हा त्या वाईट जंतूचा भाऊबंदच. आणि भाऊबंदकी तिथंही आहे! के-१२ प्रथिनाचे अगदी बारीक कण बाहेर सोडतो. त्यांनी वाईट जंतू मरतो.

हे कसं कळलं? काचेच्या बशीत जंतूंच्या खाद्याचा घट्ट थर करतात. त्यावर राखणदार जंतूची एक रेघ पेरतात. तो वाढला की खरवडून काढतात. त्याने सोडलेले कण थरात मुरलेले राहतात. मग त्या जागेवरून दुसऱ्या जंतूंच्या आडव्या रेघा ओढतात. दुसऱ्या दिवशी पाहावं, तर रेघा बाजूला उगवलेल्या आणि मधला पट्टा मोकळा! कोणता जंतू कुणाला मारतो, ते असं डोळ्यांनी दिसतं.

पण बशी वेगळी आणि माणसाचं तोंड वेगळं. के-१२ च्या चोखायच्या गोळ्या निघाल्या. गोळ्या थांबल्या की पाहुणा जंतू बहुधा हळूहळू निघून जातो. काही लहान चाचण्यांत गुण दिसला. न्यूझीलंडच्या शाळकरी मुलांवरील चाचणीचा निकाल २०१८ साली छापून आला. तीत घसादुखी ठळकपणे कमी झालेली दिसली नाही. म्हणून घसा दुखून ताप आला, की आम्ही या गोळ्यांकडे बोट दाखवत नाही. मुलाला डॉक्टरांकडे न्यावं. त्यांनी पेनिसिलिनच्या गोळ्या दहा दिवस सांगितल्या, तर ताप उतरला तरी दहाही दिवस द्याव्यात.