*कोरडवाहू सल्ला : कुळवाची पाळी बंद करायची का? आधी पट्टा टाकून बघा*



मूग-उडीद निघाले. आता रब्बी ज्वारीची पेर, १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. पेरल्यावर पावसाचा भरवसा नाही, ज्वारी जमिनीतल्या ओलीवरच पोसायची. म्हणून आजचा विषय ओलीचा.

विनानांगरट शेतीचे व्हिडिओ बघून बरेच जण विचारतात, कुळव बंद करू का? उत्तराआधी एका शेताची माहिती घेऊ.

*मँडनचं शेत*
अमेरिकेत नॉर्थ डकोटा राज्यात मँडन नावाचं गाव आहे. पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला साधारण ४०० मिमी. तिथल्या मृद संधारण मंडळांनी १९८० च्या दशकात सरकारी कृषी संशोधन केंद्राच्या जोडीनं एक सहकारी संशोधन शेत उभं केलं. छोट्या वाफ्यात प्रयोग नाही. शेतकरी वापरतात तीच मोठी अवजारं आणि शेताएवढे पट्टे.

*तिथं काय दिसलं?*
१) आधी तिकडं एक वर्ष गहू, एक वर्ष पड अशी पद्धत होती. पडीत साठेल वाटलेलं बरंचसं पाणी उडून जायचं.
२) दरवर्षी पीक घेऊन नांगरट बंद केली, तिथं १२ वर्षांत जमिनीतला सेंद्रिय कर्ब वाढला. दरवर्षी पीक घेऊन मशागत चालू ठेवली, तिथं घटला. पड ठेवली तिथं मात्र नांगरट बंद करूनही फारसा फरक पडला नाही.
३) दहा पिकं उभ्या पट्ट्यांत पेरली. पुढच्या वर्षी तीच दहा आडव्या पट्ट्यांत. एकाच रानात १०० जोड्या! सूर्यफुलाची मुळं खोल जातात, त्याच्या मागं ओल कमी उरली. वाटाण्यामागं जास्त उरली.

*आपल्याकडं काय लागू?*
मूग-उडदावर ज्वारी ही आपली जोडी याच हिशोबाची आहे. मूग ६५-७० दिवसांत रान मोकळं करतो. करडई आणि तूर खोलवरची ओल ओढतात, हे पुढच्या पिकाच्या वेळी लक्षात ठेवा.

पण सगळं उचलू नका. तिकडं उभं धसकट बर्फ अडवतं, आपल्याकडं बर्फ नाही. आपली काळी जमीन भेगाळते, आणि कुळवाच्या पाळीनं भेगा बुजून ओल टिकते. त्यामुळं सगळ्या रानात एकदम कुळव बंद केला आणि ओल गेली, तर वर्षाची ज्वारी आणि कडबा दोन्ही जातील.

*म्हणून असा पट्टा टाका*
- एकाच प्रतीच्या जमिनीत, रानाच्या पूर्ण लांबीचे ६ पट्टे आखा. रुंदी तिफणीच्या दोन-तीन फेऱ्यांएवढी.
- एकाआड एक ठेवा : ३ पट्टे नेहमीसारखे कुळवून, ३ पट्टे न कुळवता. तण मात्र दोन्हींकडं काढा.
- वाण, बियाणं, खत, पेरणीचा दिवस एकच.
- पेरताना आणि पोटरीत असताना लोखंडी सळई हातानं दाबा. जिथं अडते तिथपर्यंत ओल समजा, वीत मोजून लिहा. खाली मुरूम असेल तर सळई मुरमालाच अडते, तिथं हे माप धरू नका.
- मळणीत प्रत्येक पट्ट्याचं धान्य आणि कडबा वेगळा तोला. कडेच्या दोन-दोन ओळी सोडून.

तीन जोड्यांत तिन्ही वेळा एकच बाजू पुढं असेल, तर पुढच्या वर्षी तेच जास्त क्षेत्रावर करा. एका वर्षाच्या पावसावर कायमचा निर्णय नको.

ज्यांना पट्टा टाकायचाय त्यांनी *पट्टा* असं लिहून गावाचं नाव आणि जमिनीचा प्रकार (भारी / मध्यम / हलकी) कळवा. आखणीला मी बांधावर येईन. दहा-बारा गावांतले आकडे एकत्र आले, की आपलंच संशोधन शेत तयार होईल.

– कृषी सल्ला विभाग, आपली शेतकरी उत्पादक कंपनी