आपल्या गावच्या खुणा कशा वाचाव्यात?

शनिवारी प्रॅक्टिकल संपलं की आपलं हॉस्टेल निम्मं रिकामं होतं. कुणी बार्शीची एस.टी. धरतो, कुणी करमाळ्याची, कुणी मंगळवेढ्याची. मात्र मेसमध्ये कुणी विचारलं, "तुमच्या गावात बघण्यासारखं काय आहे रे?" तर उत्तर ठरलेलं असतं, "काही नाही, एक देऊळ आणि एक पडकी वेस." या उत्तराशी माझं भांडण आहे. गावातली जुनी खूण म्हणजे पूर्वी कुणाला तरी पडलेल्या अडचणीचं उत्तर असतं. ती अडचण शोधली की खूण बोलायला लागते. सोलापूर जिल्ह्यातली तीन गावं घेऊन हे पाहू.

करमाळा : पाण्याची अडचण

करमाळ्याचं कमलाभवानी मंदिर रावरंभा निंबाळकरांनी उभारलं. तिथली ९६ पायऱ्यांची विहीर प्रसिद्ध आहे. आता प्रश्न असा, की पाणी रहाटानंही निघतं, मग एवढ्या पायऱ्या कशाला? आपला भाग अवर्षणाचा. दिवाळीत वर असलेलं पाणी वैशाखात पार तळाला जातं. पायऱ्या असल्या की पातळी कुठेही असो, माणूस पाण्यापर्यंत पोचतो. शिवाय एका वेळी अनेकजण भरू शकतात, दोरावर अडून राहावं लागत नाही. थोडक्यात, ही विहीर म्हणजे बदलत्या पातळीसाठी केलेलं डिझाइनच आहे.

मंगळवेढा : धान्य आणि भिंत

इथली काळी जमीन परतीच्या पावसाचं पाणी धरून ठेवते आणि त्या ओलीवर रब्बीची ज्वारी येते. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण पाऊस चुकला की दुष्काळ, म्हणून धान्याच्या कोठाराला इथे जिवाचं मोल. बहामनी काळात दुष्काळ पडला तेव्हा दामाजीपंतांनी सरकारी कोठारं लोकांसाठी उघडली, अशी परंपरा सांगते. गावात आज त्यांचं मंदिर आहे. कोठार उघडणाऱ्या अधिकाऱ्याचं मंदिर व्हावं, यावरून त्या काळची भूक कळते.

दुसरी आठवण संत चोखामेळ्यांची. चौदाव्या शतकात मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम चालू असताना ते कोसळलं आणि त्याखाली मजूर गाडले गेले, त्यांत चोखोबा होते, असं परंपरा सांगते. त्यांची समाधी पंढरपूरला विठ्ठल मंदिराच्या महाद्वारासमोर आहे. पायाशी समाधी असूनही त्यांच्या समाजाला मंदिराचं दार १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर उघडलं. आपण भक्तिभावानं नमस्कार करतो, ते योग्यच. पण उद्या साइटवर उभं राहणाऱ्यांनी एवढंही लक्षात ठेवावं, की ही समाधी बांधकामावर मेलेल्या एका मजुराची आहे.

बार्शी : वाहतुकीची अडचण

"बार्शी तिथे सरशी" ही म्हण आपल्याकडे सगळ्यांना पाठ. भगवंताचं हेमाडपंती मंदिर हे बार्शीचं भूषण. गावाचं नाव द्वादशीवरून आलं, असंही सांगतात. पण अभ्यासासाठी मी निवडतो ती बार्शी लाइट रेल्वे.

अडचण अशी होती. १८६० पर्यंत मुंबईहून निघालेली मोठी रेल्वे सोलापूरला पोचली, पण बार्शी तिच्यापासून वीस-एकवीस मैल बाजूला राहिली. बार्शी ही निजामी मुलखाच्या तोंडावरची पेठ. कापूस, धान्य बैलगाडीनं न्यावं लागे. मोठी लाइन टाकावी तर खर्च परवडत नव्हता. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या ब्रिटिश इंजिनिअरनं उत्तर काढलं ते दोन फूट सहा इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटरच्या नॅरोगेजचं.

खरी हुशारी गेजमध्ये नाही, वजनाच्या वाटणीत आहे. इंजिन असो, डबा असो की वाघीण, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, हा त्याचा नियम. लीड्सच्या किटसन कंपनीनं बांधलेल्या इंजिनाला चाकांच्या सहा जोड्या होत्या, त्यांतल्या चार ओढणाऱ्या. साधा गुणाकार करा : सहा गुणिले पाच, तीस टनांपर्यंतचं इंजिन, तरी रुळावर भार हलका. त्यामुळे वारी तीस पौंडांचे, म्हणजे मीटरला साधारण १५ किलोचे रूळ पुरले. आज मुख्य मार्गावर ६० किलोचे रूळ असतात. रूळ हलका, पूल हलका, खर्च हलका.

१८९७ साली बार्शी रोड (आजचं कुर्डुवाडी) ते बार्शी गाडी सुरू झाली. १९०६ साली ती पंढरपूरला, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला पोचली. इंग्लंडमध्ये १९०४ साली सुरू झालेल्या लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वेचा इंजिनिअरही कॅलथ्रॉपच होता, गेजही तोच. म्हणजे बार्शीत पटलेली गोष्ट पुढे विलायतेत गेली! १९५४ साली ही रेल्वे सरकारकडे आली आणि २००० नंतरच्या दहा-बारा वर्षांत टप्प्याटप्प्यानं सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला. ते आवश्यकच होतं, कारण अडचण बदलली होती. पण मी बार्शीचा असून सांगतो, आमच्याकडे आता शाळकरी पोरांना ही छोटी गाडी गोष्टीपुरतीही ठाऊक नाही.

आता आपलं काम

अडचण संपली की खूण पडते, आणि नोंद नसेल तर तिच्यामागची अक्कलही जाते. बारव बुजवून वर गाळे निघतात, वेशीचा दगड कुणाच्या तरी जोत्यात जातो. ते थांबवणं आपल्या हातात नेहमी असेलच असं नाही, पण मोजमाप आपल्या हातात नक्की आहे. दिवाळीच्या सुट्टीत एक टेप, एक वही घ्या. आपल्या गावची एकच खूण निवडा. लांबी, रुंदी, खोली घ्या, कशानं बांधली ते पाहा, स्केच काढा. मग म्हाताऱ्या माणसाजवळ बसून तीन प्रश्न विचारा : हे इथेच का बांधलं? कोण वापरायचं आणि कुणाला वापरू देत नव्हते? वापर कधी थांबला?

सर्व्हेइंगच्या जर्नलसाठी आपण कॉलेजच्या ग्राउंडची मापं दरवर्षी तीच ती घेतो. एक पान गावासाठी लिहायला काय हरकत आहे?