लोखंडी मेंढा आणि रायफलीची निवड

नेमबाजीचें नांव निघालें कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें कागदावर छापलेलीं काळीं वर्तुळें उभीं राहतात. परंतु या विद्येचा एक प्रकार असा आहे कीं त्यांत कागद नाहीं, वर्तुळें नाहींत आणि गुणांची मोजदादही अगदीं सोपी आहे: लक्ष्य पडलें तर एक गुण, न पडलें तर शून्य. या खेळास ‘सिलुएट’ म्हणजे छायाकृतींची नेमबाजी असें म्हणतात. त्यासाठीं कोणत्या व्यासाची रायफल निवडावी, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ शौकिनांचा वाटतो; परंतु पदार्थविज्ञानाच्या तासाला शिकलेल्या दोन-तीन नियमांची इतकी चांगली उजळणी अन्यत्र क्वचितच होईल. म्हणून हा विषय विद्यार्थ्यांच्या व पालकांच्या विचारार्थ येथें मांडावा, असें आम्हांस वाटलें.

या खेळाचा उगम मेक्सिको देशांत झाला. तेथील जत्रांतून व उत्सवांतून पूर्वीं जिवंत कोंबडीं, मेंढे इत्यादि प्राणी दूर अंतरावर बांधून त्यांवर नेम धरण्याची चाल होती. मुक्या प्राण्यांस खुंट्याला बांधून मारण्यांत ना पराक्रम, ना दया. पुढें इ. स. १९४८ मध्यें मेक्सिको शहरांत दोन गोंझालो अगिलार यांनीं जिवंत प्राण्यांऐवजीं पोलादी पत्र्याच्या आकृति उभ्या करून सामने भरविले. चाल क्रूर होती ती गेली आणि कौशल्य तेवढें राहिलें. तेथून हा खेळ उत्तरेस अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत व मग इतर देशांत पसरला.

मोठ्या रायफलीच्या सामन्यांत चार प्रकारच्या आकृति असतात. २०० मीटरांवर कोंबडी, ३०० मीटरांवर रानडुक्कर, ३८५ मीटरांवर टर्की पक्षी आणि ५०० मीटरांवर मेंढा. पांच-पांच आकृतींची एक रांग असते आणि त्या पांचांवर डावीकडून उजवीकडे क्रमानें एकेक गोळी झाडावयाची असते. त्यासाठीं अडीच मिनिटांचा अवधि मिळतो. नेमबाजानें उभें राहूनच नेम धरावयाचा. टेकू नाहीं, जमिनीवर पालथें पडणें नाहीं. चाळीस गोळ्यांच्या सामन्यांत प्रत्येक प्रकारच्या दहा आकृति वांट्यास येतात.

आतां या खेळांतील खरी मेख लक्षांत घ्यावी. गोळी लागून आकृति नुसती डुलली, वांकडी फिरली, पण उभीच राहिली, तर तो नेम चुकल्यासारखाच धरतात. पोलादाचा तो मेंढा सुमारें २५ किलो वजनाचा असतो व रुंद बैठकीवर उभा असतो. अर्धा किलोमीटर दूर, हवेशीं झगडून थकलेल्या एका लहानशा गोळीनें त्यास ढकलून पाडावयाचें. नेम अचूक असूनही निवड चुकल्यामुळें गुण जावा, याहून मोठा विरस कोणता? रायफलीच्या व्यासाचा प्रश्न येथेंच उपस्थित होतो.

पुष्कळ तरुण येथें म्हणतील, “जिची ऊर्जा अधिक ती गोळी घ्यावी.” हें उत्तर घाईचें आहे. ऊर्जा म्हणजे वस्तुमानाच्या निम्म्यास वेगाच्या वर्गानें गुणून येणारी राशि. आणि संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. पोलादावर आदळतांच गोळी चुरडून तिच्या चिंधड्या होतात, आणि तिच्या ऊर्जेचा बहुतेक भाग उष्णता, आवाज व धातूची मोडतोड यांतच खर्च होतो. संवेग मात्र असा नाहींसा होत नाहीं. तो आकृतीच्या अंगीं येतो आणि तोच तिला ढकलतो. एक उदाहरण पाहूं. ६.५ ग्रॅम वजनाची गोळी सेकंदास ९०० मीटर वेगानें जात असेल, तर तिची ऊर्जा सुमारें २,६३० जूल भरते. १०.९ ग्रॅम वजनाची गोळी सेकंदास ६९५ मीटर वेगानें जात असेल, तर तिचीही ऊर्जा तितकीच भरते. परंतु पहिलीचा संवेग ५.८५ आणि दुसरीचा ७.५८ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. ऊर्जा समान असूनही धक्का दुसरीचाच मोठा! मेंढा पाडावयाचा तर हिशेब संवेगाचा करावा, हा पहिला धडा.

आतां बाजारांत मिळणाऱ्या काडतुसांकडे वळूं. त्यांपैकीं चार काडतुसें एकाच कुळांतलीं असल्यामुळें तुलनेस फार सोयीचीं आहेत. .३०८ विंचेस्टर हें त्यांतील वडील भावंड. तें १९५२ सालीं विक्रीस आलें. त्याच्याच पितळी पुंगळीची मान आवळून, तींत बारीक गोळी बसवून धाकटीं भावंडें निघालीं: १९५५ सालीं .२४३ विंचेस्टर, १९८० सालीं ७ मिमी-०८ रेमिंग्टन आणि १९९७ सालीं .२६० रेमिंग्टन. यांच्या गोळ्यांचे व्यास चढत्या क्रमानें असे: .२४३ चा ६.२ मिलिमीटर, .२६० चा ६.७, ७ मिमी-०८ चा ७.२ आणि .३०८ चा ७.८. पुंगळी सारखीच, भेद काय तो गोळीच्या जाडीचा व वजनाचा.

५०० मीटरांवर या चौघांची काय स्थिति होते, तें अजमासें सांगतों. दारूचें माप, नळीची लांबी, गोळीचा आकार व हवेची घनता यांमुळें या आंकड्यांत थोडाफार फरक पडेल, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. .२४३ ची ६.५ ग्रॅमची गोळी तेथें पोंचेपर्यंत तिचा वेग ५६० च्या आसपास उतरतो, संवेग ३.६. .२६० ची ९.१ ग्रॅमची गोळी ५८० च्या आसपास वेगानें पोंचते, संवेग ५.३. ७ मिमी-०८ ची १०.५ ग्रॅमची गोळी ५७० नें, संवेग ६. आणि .३०८ ची १०.९ ग्रॅमची गोळी ५२० नें, संवेग ५.७.

येथें एक मौज दृष्टीस पडते. .३०८ ची गोळी सर्वांत जाड व जड, तरी दूरवर ती ७ मिलिमीटरच्या गोळीच्या किंचित् मागें पडते. कारण वजन जवळजवळ तेंच असतां बारीक गोळी अधिक लांबट व निमुळती होते आणि हवा तिला कमी अडविते. वाऱ्यानेंही ती कमी ढळते. नळींतून निघतांना कोण पुढें होता यापेक्षां मुक्कामास कोण काय घेऊन पोंचला, हें येथें महत्त्वाचें.

.२४३ चा ३.६ हा आंकडा मात्र मेंढ्यास अपुरा पडतो. नियमांप्रमाणें ६ मिलिमीटर व्यासाची रायफल या खेळांत चालते; कोंबडी, डुक्कर व टर्की यांस ती पाडतेही; परंतु मेंढ्याच्या पायाजवळ किंवा कडेला गोळी लागली तर तो बहुधा जागच्या जागीं हलून उभाच राहतो. तरफेचा नियम ज्यांना ठाऊक आहे त्यांस याचें कारण सांगावयास नको. उंच जागीं बसलेला धक्का पदार्थास सहज कलंडवितो. बैठकीजवळ बसलेला धक्का तितका उपयोगी पडत नाहीं. शिवाय अरुंद नळींतून पुष्कळ दारू जाळल्यामुळें .२४३ ची नळी .३०८ च्या नळीपेक्षां लवकर झिजते.

“मग याहूनही दांडगी, मोठ्या दारूची रायफल घ्यावी,” असें कोणी म्हणेल. त्यास न्यूटनचा तिसरा नियम आडवा येतो. जितका संवेग गोळीला पुढें, तितकाच रायफलीला मागें. ४.५ किलोच्या रायफलींतून .३०८ ची गोळी सेकंदास ८०० मीटर वेगानें सुटली, तर केवळ गोळीमुळें रायफल सेकंदास सुमारें १.९ मीटर वेगानें खांद्यावर येते; .२४३ च्या बाबतींत हाच वेग १.३ मीटर भरतो. दारूच्या वायूंचा धक्का याहून निराळा. एक-दोन वेळां हा दणका कोणीही सोसेल. परंतु उभ्यानें, टेकूवांचून, चाळीस वेळां सोसावयाचा म्हटल्यावर शरीर मनास न विचारतांच आपला बचाव करूं लागतें. चाप ओढण्यापूर्वींच खांदा आक्रसतो, पापणी मिटते आणि गोळी आकृतीच्या बाजूनें निघून जाते. वजनदार रायफल घेऊन धक्का कमी करावा, तर रायफलीच्या वजनासही नियमांनीं मर्यादा घातली आहे. चुकलेल्या गोळीचा संवेग कितीही मोठा असला, तरी मेंढ्यास त्याचें काय?

म्हणून या निवडीचें सूत्र थोडक्यांत असें: सर्वांत दूरच्या व सर्वांत जड लक्ष्यास खात्रीनें पाडील इतकी गोळी घ्यावी, आणि त्याहून अधिक घेऊं नये. या सूत्राप्रमाणें .२६० व ७ मिमी-०८ हीं दोन काडतुसें बहुतेकांस सोयीचीं ठरतात. आणि ७ मिमी-०८ हें छायाकृतींच्या नेमबाजांत फार दिवसांपासून लोकप्रिय आहे. ज्याचा बांधा भक्कम आहे व ज्यास टिकाऊ नळी आणि सहज मिळणारीं काडतुसें हवीं आहेत, त्यानें .३०८ घेण्यास हरकत नाहीं. कित्येक नेमबाज एकाच रायफलींत पहिल्या तीन लक्ष्यांसाठीं हलकी गोळी व मेंढ्यासाठीं जड गोळी वापरतात. गरज असेल तेथेंच धक्का सोसावा, ही शहाणपणाची रीत होय.

नवशिक्यानें मात्र यांपैकीं कशालाच प्रथम हात लावूं नये. त्याच्यासाठीं .२२ ची लहान रायफल आहे. तिच्या सामन्यांत आकृति मूळच्या एक-पंचमांश आकाराच्या असतात, आणि अंतरेंही पांचानें भागलेलीं: ४०, ६०, ७७ व १०० मीटर. म्हणजे नेमबाजाच्या डोळ्यास मेंढा तेवढाच दिसतो, कठीणपणा जवळजवळ तोच राहतो, आणि खांद्यास दणका नाममात्र. येथेंही अति वेगाचा मोह धरूं नये. .२२ ची गोळी ध्वनीच्या वेगाहून, म्हणजे सेकंदास सुमारें ३४० मीटरांहून, थोड्या अधिक वेगानें सोडली, तर ती हवेंत अधिक अडखळते व वाऱ्यानें अधिक ढळते. त्यामुळें जाणते लोक त्या मर्यादेच्या आंतील काडतूसच पसंत करतात. या लहान रायफलीस कोणी कमी लेखूं नये. आपल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० सालीं म्यूनिक येथें ५० मीटर प्रोन प्रकारांत जगज्जेत्या झाल्या, आणि कोल्हापूर जिल्ह्यांतीलच स्वप्नील कुसाळे यांनीं २०२४ सालीं पॅरिस ऑलिंपिकमध्यें ५० मीटर तीन स्थितींच्या स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें; दोघांच्याही हातीं .२२ चीच रायफल होती.

पालकांस दोन शब्द. आपल्या देशांत १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार अशा रायफलीस परवाना लागतो. तेव्हां मुलास आवड असेल तर त्यास मान्यताप्राप्त नेमबाजी संघाच्या मैदानावर, शिक्षकाच्या देखरेखीखालीं पाठवावें. कानांस व डोळ्यांस संरक्षक साधन असल्याखेरीज पोलादी लक्ष्यावर एकही गोळी झाडूं देऊं नये, कारण आदळलेल्या शिशाचे कण उलट उडतात. रायफल भरलेली असो वा रिकामी, तिचें तोंड कोणा जिवाकडे वळवावयाचें नाहीं, ही संवय पहिल्या दिवसापासून अंगीं बाणली पाहिजे.

विद्यार्थ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, निवड करतांना शोभा, आवाज व मित्रांचा गलका यांकडे पाहूं नये. काम कोणतें, तें किती दूर आहे, त्यास किती बळ लागतें आणि आपल्या खांद्यास किती झेपेल, हे चार प्रश्न कागदावर मांडावे व त्यांचें उत्तर आंकड्यांत काढावें. ज्यास हा हिशेब साधला, त्यानें निवडलेली रायफल मध्यम असली तरी त्याचा मेंढा पडेल.